मोत्याला दूधभाकरी, मनीला वरणभात?

ज्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्या घरात मांजर आलं तर त्याच्या वाटीत काय पडावं?

प्रश्न बारीक वाटतो. पण मित्रांनो, आपल्यापैकी कितीतरी जण अशाच घरांतून आलोय. पूर्वी वाड्यात मांजर 'असायचं', ते कुणी पाळलेलं नसायचं. उंदरांची सोय ते स्वतःच बघायचं, वर चार घरची दूध-पोळी मिळायची, आणि सगळ्या वाड्याचा समज असा की मनी दूध-पोळीवर जगते! आता वाडे गेले, फ्लॅट आले. चौथा मजला, खिडक्यांना जाळ्या, खाली वॉचमन. उंदीर नाही, फार तर महिन्यातून एखादी पाल. आता मनीच्या पोटात काय जातं हे शंभर टक्के आपण ठरवतो. आणि तिथेच सगळा घोळ आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना पुढचं वाचायला हुरूप येईल. कुत्र्याला मांसाशिवाय वाढवता येतं, पण त्याला अक्कल आणि पैसा दोन्ही लागतात. मांजराला तसं वाढवू नये. आणि ज्याला घरात मांस अजिबात चालत नाही त्याने मांजर आणू नये. मांजराला आपल्यासारखं करायला जाऊ नये.

हे वाचून मांसाहारी मित्रांनी लगेच टेबलं वाजवायची गरज नाही. मी स्वतः शाकाहारी आहे. लहानपणी घरच्या वळणामुळे होतो, आता विचार करून आहे. प्राण्याला मारून खायला नको, या बाजूलाच मी उभा आहे. म्हणूनच हा प्रश्न माझ्यासारख्यालाच जास्त टोचतो. ज्याच्या घरी दर रविवारी मटण शिजतं त्याला काय, चार हाडं बाजूला काढली की झालं!

आधी मांजराचं बघू. मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मांजर हे एकाच इंधनावर चालणारं इंजिन आहे. आपण किंवा कुत्रा, प्रथिनं कमी मिळाली तर यकृतातली प्रथिनं जाळणारी यंत्रणा मंद करतो. मांजराची ती यंत्रणा फारशी मंद होतच नाही. गाडी सिग्नलला उभी असली तरी आयडलिंग चढलेलंच. म्हणून त्याला रोज भरपूर प्रथिनं लागतात. अमेरिकेतल्या पशुखाद्याच्या मानकाप्रमाणे मोठ्या मांजराच्या अन्नात, पाणी वगळून, किमान २६ टक्के प्रथिनं हवीत. कुत्र्याला १८ टक्के पुरतात. आपल्या भातात असतात सातेक टक्के. म्हणजे वरणभातात मनीला काय मिळणार ते उघड आहे.

पण नुसत्या प्रथिनांवर भागतं असंही नाही. गाजरातल्या कॅरोटिनपासून आपण जीवनसत्त्व 'अ' तयार करतो. कुत्रासुद्धा करतो. मांजराला ते जमत नाही, त्याला 'अ' जीवनसत्त्व तयार स्वरूपातच लागतं, उदाहरणार्थ यकृतातून. ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं एक स्निग्धाम्ल आपण तेलबियांमधल्या स्निग्धाम्लापासून बनवतो, ते मांजराला पुरेसं बनवता येत नाही. त्याला तर गोड चवसुद्धा कळत नाही. त्या चवीच्या ग्राहकाचा एक जीन मांजरकुळात निकामी झालेला आहे, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. पाडव्याला तुमची मांजर श्रीखंडाची वाटी चाटत असेल तर ती चक्क्यातल्या स्निग्धांशासाठी. साखर आणि वेलदोडा तिच्या दृष्टीने फुकट!

आणि मग टॉरिन. सबमिशनच्या रात्री आपण जे एनर्जी ड्रिंकचे कॅन रिकामे करतो त्यावर हे नाव वाचलं असेल. १८२७ मध्ये ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तात सापडलं, म्हणून लॅटिनमधल्या बैलाचं नाव त्याला मिळालं. माणूस ते शरीरात तयार करतो. मांजराला ते गरजेपुरतं तयार करता येत नाही, आणि धान्य-डाळी-भाज्यांत ते जवळजवळ नसतंच. १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध आला. प्रयोगातल्या मांजरांना प्रथिनं म्हणून केसीन दिलं होतं. केसीन म्हणजे काय? दुधातलं प्रथिन. त्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजत गेला, आणि कारण निघालं टॉरिनची कमतरता. दूध-पोळीवर मांजर जगतं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट एकदा शांतपणे वाचावी. पडद्याचं हे नुकसान भरून येत नाही. ते महिनोन्‌महिने हळूहळू होतं, आणि मांजर सवयीच्या घरात मिशांवर आणि कानांवर इतकं झकास वावरतं की मालकाला पत्ताही लागत नाही.

पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी दाखवलं की टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय पसरतं, स्नायू पातळ होतात, आणि मांजर मरतं. टॉरिन दिल्यावर बरीचशी सुधारली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) ही मांजरं कुणा शाकाहाऱ्याच्या घरची नव्हती. ती बाजारातलं तयार कॅटफूड खात होती. प्रयोगशाळा आणि पगारी तज्ज्ञ बाळगणाऱ्या कंपन्यांचाही तेव्हा अंदाज चुकला. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. मग आपली काकू कुकरच्या दोन शिट्ट्यांत तो अंदाज बरोबर बांधेल, ही आशा जरा जास्तच झाली.

आता केमिकलवाले हात वर करतील: "टॉरिन कारखान्यात बनतं. जीवनसत्त्व 'अ' बनतं. सगळं वरून घाला की!" मुद्दा बरोबर आहे. तत्त्वतः अशक्य काहीच नाही, आणि परदेशात असं बिनमांसाचं कॅटफूड विकलंही जातं. पण वनस्पतींवर बेतलेल्या अन्नाने मांजराची लघवी अल्कधर्मी होण्याकडे झुकते, त्यात स्ट्रुव्हाइटचे खडे धरू शकतात, आणि बोक्याची मूत्रनलिका इतकी अरुंद असते की खडा अडकला तर दोन दिवसांत खेळ खलास. म्हणजे अन्न बदलायचं तर रक्त तपासा, लघवी तपासा, डॉक्टर जवळ ठेवा. हे करणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. मी पाहिलेत ते दहीभात कालवून "आमची खाते हो आवडीने!" असं कौतुकाने सांगणारे. भुकेलं मांजर काय आवडीने खात नाही?

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही आहे, तो लपवत नाही. 'प्लॉस वन'मध्ये २०२२ साली २,५३६ कुत्र्यांच्या आणि २०२३ साली १,३६९ मांजरांच्या मालकांना विचारून केलेली पाहणी छापून आली. बिनमांसाच्या अन्नावरचे प्राणी इतरांइतकेच, किंबहुना थोडे बरेच दिसले. पण सगळी माहिती मालकांनी दिलेली. ज्याने निवड केली त्यालाच 'निवड कशी वाटली?' म्हणून विचारायचं! उद्या मेसच्या जेवणाचा फीडबॅक फॉर्म मेस कमिटीनेच भरला तर आपण किती विश्वास ठेवू? मालक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं, आणि प्रेमाने बघणाऱ्याला तर ते आणखीच दिसत नाही. ब्रिटिश व्हेटरनरी असोसिएशनने २०२४ मध्ये कुत्र्यांच्या संतुलित बिनमांस आहाराला असलेला आपला जुना विरोध सोडला. मांजरांच्या बाबतीत सोडला नाही. मला ही रेघ बरोबर जागी ओढलेली वाटते.

आता कुत्रा. इथे आपल्या बाजूला विज्ञान बऱ्यापैकी आहे. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेल्या संशोधनाप्रमाणे पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जीनच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाने शेती सुरू केली, कुत्रा त्याच्या उकिरड्यावर जेवायला बसला, आणि हजारो वर्षांत भाकरी पचवायला शिकला. म्हणून मोत्याला बिनमांसाचं अन्न देणं यात मूळचा अन्याय काही नाही.

फक्त 'दूधभाकरी' हे त्याचं पूर्ण जेवण आहे हा समज काढून टाका. हिशोबच करू, आपण इंजिनिअर ना! एका ज्वारीच्या भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ. दोन भाकऱ्या म्हणजे १२० ग्रॅम पीठ, त्यात प्रथिनं १२ ग्रॅमच्या आसपास. एक लिटर गाईच्या दुधात घन पदार्थ १२५ ग्रॅम, त्यात प्रथिनं ३२ ग्रॅम. बेरीज ४४ भागिले साधारण २४५, म्हणजे जेमतेम १८ टक्के. म्हणजे कुत्र्याची किमान गरज कशीबशी गाठायलाही दोन भाकऱ्यांना एक लिटर दूध लागतं! देतं का कुणी? दिलं तरी एवढं दूध बहुतेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, आणि मग सोसायटीच्या जिन्यात काय होतं ते लिहायला नको. प्रत्यक्षात आपण अर्धा कप दूध, पाणी घालून, भाकरीवर ओततो. पिल्लाला तर २२.५ टक्के लागतात, म्हणजे वाढत्या वयात तो उपाशीच.

"पण गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्री भाकरीवर जगली की!" हे उत्तर ठरलेलं. जगली, पण नुसत्या भाकरीवर कुठे? गावचा कुत्रा मालकाची भाकरी खाऊन रात्री बाहेर पडतो. शेतातला उंदीर, घूस, गाय व्याल्यावर तिची पडलेली वार, माळावर टाकलेलं मेलेलं ढोर – हा त्याचा दुसरा हप्ता. कारवानी कुत्र्याला घरी भाकरी-दूध मिळायचं आणि रानात ससा. (आता शिकारबंदी आहे, तो भाग वेगळा.) मालक म्हणायचा, माझा कुत्रा भाकरीवर वाढला. कुत्र्याला विचारलं असतं तर त्याने यादी दिली असती! फ्लॅटमधल्या लॅब्राडॉरला हा दुसरा हप्ता नाही. त्याला पट्टा आहे. पट्टा आपण बांधला, म्हणून त्याच्या थाळीतली प्रत्येक कमतरता आपल्या खात्यात जमा होते. एरवी स्वतःचं बघून घेणारा जीव आपण बंदिस्त केला आणि वर त्याला आपलं व्रत दिलं.

मग शाकाहारी घरात कुत्र्याला काय द्यावं? अंडं चालत असेल तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. अंडं शाकाहारी की मांसाहारी हा वाद इथे काढत नाही, त्याला वेगळा अंक लागेल. अंडं नको असेल तर पनीर, दही, डाळी, आणि सोयाबीनच्या वड्या, ज्यांत शंभर ग्रॅमला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं असतात. पण त्याबरोबर कॅल्शिअम, बी-१२ आणि जीवनसत्त्व 'ड' यांचा बंदोबस्त हवाच. आपण उन्हात बसलो की 'ड' तयार होतं. कुत्रा दिवसभर उन्हात लोळला तरी पुरेसं होत नाही, त्याला ते खाण्यातूनच लागतं. सोपा मार्ग म्हणजे शाकाहारी म्हणून मिळणारं तयार डॉगफूड. आपल्याकडे ते सहज मिळतं. फक्त पाकिटावर ते संपूर्ण आहार म्हणून दिलंय की नुसता खाऊ म्हणून, ते वाचा, आणि डॉक्टरांना विचारून सुरू करा.

जाता जाता, कांदा-लसूण कुत्र्याला नको आणि मांजरालाही नको, त्याने त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषच. मेसच्या भाजीचा रस्सा भातावर ओतून 'घे बाळा' करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. या एका बाबतीत मोती आणि मनी दोघांचं पथ्य जैन स्वयंपाकाशी तंतोतंत जुळतं!

आता जरा शास्त्र बाजूला ठेवून धर्माकडे वळू, कारण या वादात शेवटी कुणीतरी तो काढतोच. "नामदेवांनी कुत्र्याला भाकरीच दिली ना?" असं मला एकाने ऐकवलं. अरे, गोष्ट नीट आठव. भाकरी कुत्र्याने पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. त्यांना त्या जिवाच्या भाकरीत काय कमी आहे ते दिसलं. मला तर ही गोष्ट माझ्याच बाजूची वाटते.

पण खरी गोष्ट शिबी राजाची. शाळेत सगळ्यांनी ऐकलीय. कबूतर राजाच्या मांडीवर येऊन पडलं, मागून ससाणा आला. ससाणा म्हणाला, तू याला वाचवलंस, ठीक, पण माझं अन्न काढून घेतलंस, माझी पिल्लं उपाशी मरतील, त्याचं काय? राजासमोर हाच आपला पेच होता. शिबीने काय केलं? वरणभात मागवला? तराजू मागवला आणि स्वतःच्या अंगचं मांस कापून पारड्यात टाकलं. गोष्ट रचणाऱ्यांना एवढं पक्कं माहीत होतं की ससाण्याची भूक ससाण्याचीच राहणार. दया दाखवायची तर तिची किंमत दया दाखवणाऱ्याने भरायची, ससाण्याने नाही. तीच आपली परंपरा मांजराच्या व्रताला हसतेही! पंचतंत्रात व्रतस्थ मांजर आहे, महाबलीपुरमच्या दगडात पंजे वर करून तप करणारं मांजर आहे आणि त्याच्या पायाशी उंदीर आहेत. हजार-बाराशे वर्षांहून जुना विनोद आहे तो, आणि आपण तो फ्लॅटमध्ये गंभीरपणे करून बघतोय.

आता माझ्या अंगावर येणारा भाग. मांजराला मांस द्यायचं म्हणजे कुणीतरी मरणार. चार किलोच्या मांजराला रोज दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात. ते सगळं कोंबडीतूनच द्यायचं म्हटलं तर माझ्या हिशोबाने वर्षाला तीस-चाळीस कोंबड्या होतात. मांजर पंधरा वर्षं जगलं, तर पाचशे! एका मनीच्या प्रेमापोटी पाचशे कोंबड्या. अमेरिकेतल्या कुत्र्या-मांजरांचं खाणं तिथल्या पशुपालनाच्या जमीन-पाणी-इंधनावरच्या भारापैकी २५ ते ३० टक्के भार उचलायला लावतं, असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला होता. माणसं जे खात नाहीत ते फुप्फुस, आतडी, मुंड्या हे बऱ्याचदा या खाद्यात जातं, त्यामुळे हिशोब थोडा सौम्य होतो. पण शून्य होत नाही.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की शाकाहाऱ्याची टोचणी योग्य वेळी टोचली पाहिजे. ती वेळ मांजर विकत घेण्याआधीची. पर्शियन पिल्लाचा फोटो बघून आई-बाबांना गळ घालताना या पाचशे कोंबड्या आठवा. नको वाटलं तर ससा आणा, तो खरा गवत खाणारा. (पोपट नको. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.) मात्र एकदा मांजर घरात आलं, किंवा पावसात भिजलेलं पिल्लू दारात आलं आणि तुम्ही त्याला आत घेतलंत, की मग तो हिशोब तुमचा. त्याची वसुली पिल्लाच्या डोळ्यांतून करायची नाही.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आपली 'केटी'. फर्स्ट इयरवाल्यांसाठी: केटी म्हणजे शाकाहारी मेसच्या मागे राहणारी करडी मांजर. नाव केटी, कारण बरोबरचे सगळे पास होऊन गेले तरी ही इथेच! तिला काही मुलं बाहेरून उकडलेली कोंबडी आणून घालतात, तेही मेसच्या दारात, हे काही जणांना खटकलं. त्यांचं खटकणं मला मान्य आहे. ज्यांनी पैसे भरून शाकाहारी मेस निवडली, त्यांच्या हात धुवायच्या जागेजवळ कोंबडीचे तुकडे पडू नयेत. पण त्यावर जो तोडगा निघालाय, की यापुढे केटीला मेसमधलंच दूध-पोळी, वरणभात द्यायचं आणि बाहेरचं बंद, तो मला मान्य नाही. केटी काही रोज उंदीर मारून पोट भरत नाही. तीन-चार वर्षं आयतं खाऊन ती आपल्यावर अवलंबून झालीय. बाहेरचं बंद केलं तर तिला खरोखर वरणभातावरच राहावं लागेल.

रेक्टर सरांना मी आणि विंगमधल्या काही जणांनी अर्ज दिलाय. ताट मेसच्या आवारातून हलवून सायकल स्टँडच्या मागे ठेवायचं, तिथे नळही आहे. शिजवलेली हाडं अजिबात नाहीत, ती टोकदार तुटतात आणि आतडं फाडतात. कोरडं कॅटफूड आणायचं, म्हणजे ज्यांना मांसाला हात लावायचा नाही त्यांनाही चमचाभर घालता येईल. मी स्वतः डबा हाताळणार आहे, शाकाहार मोडल्यासारखं मला वाटत नाही. प्रत्येक रूममागे महिन्याला वीस रुपये पुरतील, उरले तर तिचं ऑपरेशन करून घेऊ, नाहीतर पुढच्या वर्षी सहा केट्या होतील. सरांनी "बघू" म्हटलंय आणि किती जण तयार आहेत ते विचारलंय. कागद बी विंगच्या नोटीस बोर्डाशेजारी लावलाय. सही करताना रूम नंबर घाला, कारण पहिल्या पानावर अकरा सह्या आल्यात आणि त्यांतल्या सात एकाच हस्ताक्षरात आहेत.